नदीकडची खिडकी: जर्मनी रेल्वेने बघायची तर

फ्रँकफर्ट विमानतळ ते कोलोन हे अंतर आयसीई गाडी तासाभरात कापते. २००२ साली सुरू झालेला मार्ग, ताशी ३०० किलोमीटर वेग. आणि त्या तासाभरात खिडकीतून दिसतं काय, तर बोगदे, आवाज अडवायच्या भिंती आणि शेजारून पळणारा ए-थ्री महामार्ग. तेच अंतर जुन्या मार्गाने, ऱ्हाईनच्या काठाकाठाने केलं तर तीन-साडेतीन तास लागतात. तिकीटही बरंच स्वस्त पडतं. येणारे बहुतेक पाहुणे तरीही पहिली गाडी पकडतात, कारण मोबाइल तीच आधी दाखवतो.

मी स्टुटगार्टजवळ राहते. स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी-शहरं आहेत. आमच्या घरापुरतं ते नातं पुण्याने चालवायला घेतलंय. मे उजाडला की नातेवाईक येतात, आणि प्रत्येकाच्या हातात एक यादी असते: म्युनिक, बर्लिन, हॅम्बुर्ग, कोलोन, तो राजवाडा, ते ब्लॅक फॉरेस्ट, जमलं तर प्राग. आठ दिवसांत. माझं पहिलं काम म्हणजे लाल पेन घेऊन बसणं.

माझा हिशोब सरळ आहे. तीन ठिकाणी मुक्काम करायचा. एका मुक्कामाहून दुसऱ्या मुक्कामाला जाताना वेगवान गाडी, आणि मुक्कामावरून रोज सकाळी बाहेर पडायचं ते पॅसेंजरने. सामान हॉटेलवर, पाठीवर एक सॅक. जर्मन स्टेशनांवर हमाल नसतात, आणि लिफ्ट बंद असली की २३ किलोची बॅग जिन्यावरून तुम्हालाच चढवायची असते, हे एवढं एक कारण मला पुरेसं आहे.

तिकिटांचं गणित

गाड्यांचे दोन गट डोक्यात पक्के करा. आयसीई, आयसी आणि ईसी या लांब पल्ल्याच्या. आरई, आरबी आणि एस-बान या जवळच्या. पहिल्या गटाने अंतर कापायचं, दुसऱ्याने देश बघायचा.

दुसऱ्या गटासाठी डॉइचलांडटिकेट नावाचा महिन्याचा पास आहे. देशभरातल्या सगळ्या जवळच्या गाड्या, शिवाय शहरांतल्या ट्राम, मेट्रो आणि बस त्यात येतात. १ मे २०२३ ला तो सुरू झाला तेव्हा ४९ युरो होते, २०२५ मध्ये ५८ झाले आणि जानेवारी २०२६ पासून ६३. तरीही स्वस्तच म्हणायचा. पण दोन गोष्टी बघून घ्या. एक, हा पास कॅलेंडरच्या महिन्याचा असतो. २० तारखेला काढलात तरी महिनाअखेरीला संपतो, त्यामुळे जमत असेल तर सगळी सहल एकाच महिन्यात बसवा. दोन, ही वर्गणी आहे. चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत बंद केली नाही, तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात आणि तोवर तुम्ही कोथरूडला पोचलेले असता.

दोन-तीन दिवसांसाठीच हवं असेल तर राज्यांची दिवसाची तिकिटं घ्या. बायर्न-टिकेट, बाडेन-व्युर्टेमबेर्ग-टिकेट वगैरे. एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, माणसामागे थोडी भर पडते. सोमवार ते शुक्रवार सकाळी ९ नंतरच चालतात, शनिवार-रविवारी तशी अट नाही. झाक्सेन-टिकेट शेजारच्या झाक्सेन-आनहाल्ट आणि थ्युरिंगेनमध्येही चालतं. तिकिटावर नावं लिहायची असतात, ती चढण्याआधी लिहा.

आयसीईसाठी स्पारप्राइस (सवलतीचा) आणि फ्लेक्सप्राइस (त्या दिवशीच्या कुठल्याही गाडीला चालणारा) असे दर आहेत. स्पारप्राइस लवकर काढलं तर फारच स्वस्त, पण त्यावर जी गाडी लिहिली आहे तीच घ्यावी लागते. मात्र मुक्कामी पोचायला २० मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं, की ही अट सुटते आणि त्याच तिकिटावर दुसरी गाडी घेता येते. तासभर उशीर झाला तर भाड्याचे २५ टक्के, दोन तास झाला तर ५० टक्के परत मिळतात. मागावे मात्र लागतात. सीटचं आरक्षण तिकिटात नसतं, वेगळं काढायचं. ज्येष्ठ मंडळी बरोबर असतील तर जरूर काढा. १४ वर्षांपर्यंतची मुलं मोठ्यांबरोबर आयसीईने फुकट जातात, फक्त सहाच्या पुढच्यांची नोंद तिकिटावर करून घ्या.

स्टेशनात कुठेही गेट नाही, कुणी अडवत नाही. त्यामुळे आपल्याकडच्या काही हुशार लोकांना भलत्या कल्पना सुचतात. टीसी कधी साध्या कपड्यांतही येतो आणि दंड ६० युरो आहे. शहरातलं कागदी तिकीट पुष्कळदा छोट्या यंत्रात घालून शिक्का मारून घ्यावा लागतं. शिक्का नसेल तर तिकीट असूनही तुम्ही विनातिकीटच.

ऱ्हाईन: फ्रँकफर्टला राहू नका

मुंबईहून थेट विमान फ्रँकफर्टला येतं, म्हणून सगळे फ्रँकफर्टला राहतात. मी पाहुण्यांना माइन्झला पाठवते. विमानतळाच्या पहिल्या टर्मिनलखालून एस-८ ही एस-बान मिळते, अर्ध्या तासात माइन्झ. छपाईवाल्या गुटेनबर्गचं गाव, चालत फिरता येण्याएवढं, आणि मुख्य म्हणजे ऱ्हाईनची गाडी इथूनच सुटते.

ती गाडी म्हणजे आरबी-२६, माइन्झ ते कोलोन. नदीच्या डाव्या काठाने उत्तरेकडे जाते, म्हणजे तुम्हाला हवी आहे गाडीच्या तोंडाकडे बघून उजवीकडची खिडकी. हे एक वाक्य कागदावर लिहून खिशात ठेवा, डाव्या बाजूला बसलात तर दोन तास दरड बघावी लागेल. बिंगेनपर्यंत सपाट मळे आहेत, तोवर डबा उघडून खाऊन घ्या. जवळच्या गाडीत खाल्लं तर कुणाचं काही म्हणणं नसतं.

बिंगेनला नदीतल्या बेटावर एक मनोरा दिसला की खाणं आवरा. तिथून कोब्लेन्झपर्यंतचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही काठांना डोंगर जवळ येतात, उतारांवर द्राक्षांचे वाफे आणि प्रत्येक वळणावर एक किल्ला. यातले बरेच किल्ले जकातीचे. खालून जाणाऱ्या होडीला थांबवून पैसे घ्यायचे, एवढा सरळ धंदा. काउब गावासमोर तर नाका थेट नदीच्या मधोमध खडकावर बांधलाय, पांढऱ्या भिंतींचा फाल्त्सग्राफेनश्टाइन, चौदाव्या शतकातला. गाडीतून तो अगदी समोरून जातो.

ओबरवेझेल सोडलं की लागोपाठ छोटे बोगदे येतात, तोंडाला किल्ल्यासारखे बुरूज असलेले. त्यांच्या आसपासच समोरच्या काठावर लोरेलायचा कडा आहे, १३२ मीटर उंच. जर्मन कवी हायनेची लोरेलायवरची कविता वाचून आलेल्यांची इथे थोडी निराशा होते, कारण दिसायला तो एक कडाच आहे. खरी गंमत खाली आहे. नदी इथे अरुंद होऊन अशी वळते की समोरून येणारं जहाज दिसत नाही, आणि प्रवाहाविरुद्ध चढणारी मालवाहू बोट इंच-इंच सरकताना दिसते. काठावर मोठे आकडे लिहिलेल्या पाट्या आहेत. ते नदीचे किलोमीटर, लोरेलायपाशी ५५४ च्या आसपास. मोजणी कोन्स्टान्झच्या पुलापासून होते. कोन्स्टान्झ पुढे येतंच आहे.

सरळ कोलोनला जाण्याची घाई करू नका. बाखाराखला किंवा झांक्ट गोआरला उतरा, तास-दोन तास भटका, पुढची गाडी घ्या. पास असला की हीच चैन करता येते. हौस असेल तर या दोन गावांमधला टप्पा बोटीने करा, त्याचं तिकीट वेगळं.

कोलोनला स्टेशनातून बाहेर पडलात की कॅथेड्रल अंगावरच येतं, पत्ता विचारावा लागत नाही. १२४८ ला पाया घातला, १८८० ला पूर्ण झालं, मध्ये काही शतकं काम बंदच होतं. उंची १५७ मीटर, मनोऱ्याला ५३३ पायऱ्या, लिफ्ट नाही. मी वर एकदा गेले, तेवढं पुरे.

कोलोनहून वेळ उरला तर वुपरटाल. तिथे १९०१ पासून नदीवर टांगलेली रेल्वे चालते. रूळ वर, डबे खाली लोंबते, १३ किलोमीटर, आणि डॉइचलांडटिकेट चालतं. १९५० मध्ये जाहिरातीसाठी टुफी नावाच्या सर्कशीतल्या हत्तिणीला डब्यात चढवलं होतं. ती बिथरली आणि खिडकी तोडून खाली नदीत पडली. वाचली. मुलांना ही गोष्ट सांगूनच गाडीत बसवा.

ब्लॅक फॉरेस्ट: मामाचा घाट

दुसरा मुक्काम ओफेनबुर्ग किंवा फ्रायबुर्ग. फ्रायबुर्ग देखणं आहे, ओफेनबुर्ग सोयीचं. ओफेनबुर्गहून कोन्स्टान्झकडे जाणारी आरई गाडी म्हणजे श्वार्त्सवाल्डबान, ब्लॅक फॉरेस्टची रेल्वे. पाहुण्यांना मी एकच दिवस मागितला तर तो या गाडीसाठी मागेन.

माझा मामा मध्य रेल्वेत कर्जतला होता, घाट चढणाऱ्या गाड्यांना मागून लागणाऱ्या बँकर इंजिनांवर. त्याला इथे आणलं तेव्हा हाउसाखला दरी अरुंद झाली तसा तो उठून दाराच्या खिडकीशी जाऊन उभा राहिला. होर्नबर्ग गेलं, चढ लागला, आणि त्याने विचारलं, ''अगं, बँकर कुठे लावला यांनी?''

लावलेला नव्हता, आणि तिथेच या मार्गाची सगळी अक्कल आहे. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला, चढ ३७ ला १ इतका तीव्र. १९२९ पर्यंत तिथे गाडी मध्येच थांबवून दिशा उलटी करावी लागे. श्वार्त्सवाल्डबान १८७३ मध्ये पूर्ण झाली. तिचा इंजिनिअर रोबेर्ट गेर्विग. त्याने ठरवलं की चढ ५० ला १ च्या वर जाऊ द्यायचा नाही. मग उंची गाठायची कशी? तर रूळ लांबवायचे. होर्नबर्ग ते झांक्ट गेओर्गेन सरळ रेषेत अकराएक किलोमीटर, रुळांनी त्याच्या दुपटीहून जास्त. गाडी दरीत आत शिरते, बोगद्यात वळते आणि मघाशी जिथून आली त्याच्याच वरच्या अंगाने परत निघते. डावीकडे असलेलं खोरं एकदम उजवीकडे जातं. त्यामुळे इथे खिडकीची बाजू सांगता येत नाही. डबलडेकर डबा असेल तर वर बसा आणि मान फिरवायची तयारी ठेवा.

मामा बोगदे बोटांवर मोजत होता. मामीने मध्येच चकली पुढे केली आणि मोजणी चुकली, त्यावरून ट्रिबेर्गपर्यंत बोलणी चालली होती. अख्ख्या मार्गावर ३९ आहेत. सर्वांत लांब झोमेराउचा, जवळजवळ १७०० मीटर, माथ्यावरचा. त्याच्या अलीकडचं पाणी ऱ्हाईनला जातं, पलीकडचं डॅन्यूबला. बोगद्यातून बाहेर पडल्यावर मामा एवढंच म्हणाला, ''डोकं चालवलंय गड्याने.'' माणूस स्तुतीच्या बाबतीत कर्जतचा नसून सदाशिव पेठेतला आहे, तेव्हा हे बरंच झालं.

ट्रिबेर्गला बहुतेक जण धबधब्यासाठी उतरतात. एकूण १६३ मीटर, पण टप्प्याटप्प्याने. ऑगस्टमध्ये ठोसेघर पाहिलेल्या माणसाने फार अपेक्षा ठेवू नये. स्टेशन खाली, धबधबा वर, मध्ये बस आहे. मी असले तर न उतरता सरळ कोन्स्टान्झला जाते. तिथे बोडनझे सरोवर, पलीकडे स्वच्छ हवेत आल्प्स, आणि सरोवरातून ऱ्हाईन बाहेर पडते तो पूल, शून्य किलोमीटरचा.

एक दिवस जास्तीचा असेल तर फ्रायबुर्गहून हॉलेंटालबानने टिटिझेला जा. हा मार्ग १८८७ चा, आणि चढ इतका की सुरुवातीला दातेरी रूळ लागत. पुढे फेल्डबेर्ग-बेरेंटाल हे ९६७ मीटरवरचं स्टेशन आहे. टिटिझेच्या काठावरची कुकू-घड्याळांची दुकानं मात्र टाळा, हा माझा सल्ला. कुणी ऐकत नाही.

एल्ब: ड्रेस्डेनच्या पुढे

तिसरा मुक्काम पूर्वेला ठेवा. ओफेनबुर्गहून ड्रेस्डेनला जाण्यात जवळजवळ दिवस जातो, पण तिकडे पाहुणे कमी जातात आणि हॉटेलं परवडतात. ड्रेस्डेन शहर तुम्ही बघालच. माझं सांगणं एस-१ बद्दल आहे. ही साधी लोकल एल्ब नदीच्या काठाने बाड शांडाउच्या पुढे झेक सरहद्दीपर्यंत जाते. ड्रेस्डेनहून निघताना डावीकडे बसा. पिर्नानंतर नदीच्या दोन्ही अंगांना वालुकाश्माचे खांब आणि कडे उभे राहतात.

राथेनला उतरा. स्टेशन एका काठावर, गाव दुसऱ्या काठावर, आणि मध्ये पूल नाही. आहे ती एक होडी, आणि तिला इंजिन नाही. वरच्या अंगाला नदीत बांधलेल्या लांब दोराला ती जोडलेली आहे. नावाडी तिचं तोंड प्रवाहाला जरा तिरकं करतो आणि पाणीच तिला पलीकडे ढकलतं. येताना तिरकेपणा उलटा. आवाज नाही, धूर नाही. मुलांना भौतिकशास्त्र शिकवायला याहून बरं काही मला तरी माहीत नाही. पलीकडून पाऊण तासाची चढण चढली की बास्टाय, कड्यांमधून बांधलेला १८५१ चा दगडी पूल, खाली एल्बचं वळण आणि त्यात खेळण्यातल्यासारखी दिसणारी तुमचीच लोकल. गुडघे दुखत असतील तर पिर्नाहून वरपर्यंत बस जाते. यादीत प्राग असेलच, तर ते इथून ईसीने अडीच तासांच्या आत आहे आणि शेंगेन व्हिसा तोच चालतो.

फलाटावर

जर्मन गाड्या वेळेवर धावतात, ही समजूत घरी ठेवून या. २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी ६२.५ टक्केच वेळेवर होत्या, आणि 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांच्या आत. जुने मार्ग महिनोन्‌महिने बंद ठेवून दुरुस्त करायचं कामही चालू आहे. म्हणून गाडी बदलायला ॲप सात मिनिटं देत असेल तर तुम्ही तीस घ्या. स्टुटगार्टला गाडी बदलणार असाल तर आणखी वाढवा, ते स्टेशन २०१० पासून खोदकामात आहे आणि चालावं खूप लागतं. डीबी नाविगेटर हे ॲप आधीच घेऊन ठेवा आणि सकाळी निघताना गाडी पुन्हा तपासा. वेळापत्रकात 'एसईव्ही' दिसलं तर रेल्वेऐवजी बस आहे असं समजा.

ग्लाइस म्हणजे फलाट. तो ऐनवेळी बदलतो, घोषणा जर्मनमध्ये होते, आणि आजूबाजूची माणसं एकदम बॅगा उचलून चालायला लागतात. कळलं नाही तरी त्यांच्या मागे जा आणि चालता चालता कुणाला तरी विचारा. फलाटाला ए, बी, सी असे विभाग असतात, तुमचा डबा कुठे लागणार ते फलकावर दिसतं. काही गाड्या वाटेत तुटतात. म्युनिकहून दक्षिणेला जाणारी गाडी होल्त्सकिर्शेनला विभागली जाते आणि तिचे भाग वेगवेगळ्या खोऱ्यांत निघून जातात. तेव्हा डब्यावरची पाटी वाचूनच चढा. म्युनिकची पाटी म्युन्शेन अशी असेल, कोलोनची क्योल्न.

आयसीईत शांततेचे वेगळे डबे असतात. तिथली सीट आपल्या लोकांनी काढू नये. पुण्याला व्हिडिओ कॉल लावून स्पीकरवर ''जेवलात का?'' विचारायची तिथे सोय नाही.

स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला पैसे पडतात, गाडीतलं फुकट, तेव्हा उतरण्याआधी जाऊन या. रविवारी दुकानं बंद असतात, पण मोठ्या स्टेशनांतली उघडी राहतात. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली परत केली की मिळते. सासूबाईंना हा प्रकार इतका आवडला की त्या फलाटावरच्या दुसऱ्यांच्या बाटल्यांकडेही बघायला लागल्या होत्या.

परतीचं विमान फ्रँकफर्टहून असेल तर आदल्या रात्री ड्रेस्डेनला राहू नका. संध्याकाळपर्यंत माइन्झला येऊन झोपा. सकाळी एस-८ धरा, ती टर्मिनलच्या खाली सोडते. आयसीईचं विमानतळ स्टेशन वेगळं आहे, तिथून थोडं चालावं लागतं, आणि बॅगांचं वजन तोवर वाढलेलं असतं.